लेकीकडे मेलबर्नला : पहिलाच लांबचा विमानप्रवास, परवडणारी एअरलाइन कोणती घ्यावी?

होटगीकर

नमस्कार मंडळी. लेक मेलबर्नला असते, तिचं बाळंतपण आहे. मी आणि सौ. दोघं तीन महिन्यांसाठी जाणार. व्हिसे आले. आता तिकिटांवर गाडी अडली आहे.

मी नोकरीत असताना पुणे-दिल्ली विमानाने गेलोय. सौ.चा विमानाशी संबंध घराच्या गच्चीवरून बघण्यापुरता. जावई म्हणतात तिकिटं मी काढतो, पण बाळंतपणाला जाणाऱ्या सासू-सासऱ्यांनी जावयाच्या पैशाने जायचं हे माझ्या पोटात उतरत नाही. तेव्हा खर्च माझा, आणि माझी पेन्शन किती ते इथल्या मास्तर लोकांना सांगायला नको.

आजवर तीन पर्याय समोर आलेत. भाडी माणशी, जाऊन-येऊन:

पहिला, मुंबईहून हो ची मिन्ह सिटीमार्गे, बजेट कंपनी, ५२ हजार.
दुसरा, मुंबईहून सिंगापूरमार्गे, नेहमीची मोठी कंपनी, ६४ हजार.
तिसरा, मुलाच्या मित्राने मोबाइलवर जुळवून दिला. मुंबई-क्वालालंपूर एका कंपनीचं, पुढे मेलबर्नपर्यंत दुसऱ्या कंपनीचं. दोन्ही मिळून ४६ हजार.

दुसऱ्या आणि तिसऱ्यात दोघांचे मिळून ३६ हजार वाचतात. आम्ही शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. सौ.चे गुडघे दुखतात. इंग्रजी वाचता येतं, बोलताना अडखळतो. काय करावं?

टिकीटखिडकी

काका, तिसरा पर्याय आधी खोडून टाका. मग उरलेल्यांचं बोलू.

दोन वेगळी तिकिटं म्हणजे काय ते सांगतो. क्वालालंपूरला उतरलात की तुमचा प्रवास संपला, असं पहिली कंपनी धरते. तुम्ही इमिग्रेशन करून देशात शिरायचं, पट्ट्यावरून बॅगा उचलायच्या, पुढच्या कंपनीच्या काउंटरला परत रांग लावायची, वजन, सुरक्षा, पुन्हा इमिग्रेशन. त्यात एअरएशियाची विमानं टर्मिनल २ ला आणि मलेशिया एअरलाइन्स वगैरे टर्मिनल १ ला. मध्ये ट्रेन आहे, पण बॅगा ओढत गुडघेवाल्या बाईंनी ती पकडायची का?

खरी मेख पुढेच आहे. पहिलं विमान तीन तास उशिरा पोचलं तर दुसरी कंपनी म्हणणार, प्रवासी आलेच नाहीत. तिकीट बुडालं. आणि असं एक टोक बुडालं की पुष्कळदा परतीचंही रद्द होतं. एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावर, दोन्ही विमानं असली तर पुढच्या विमानात बसवून द्यायची जबाबदारी कंपनीची, बॅगाही थेट मेलबर्नला.

मलेशियाने भारतीयांना डिसेंबर २०२३ पासून २०२६ अखेरपर्यंत व्हिसाची माफी दिलीय, म्हणून तिथे निदान बाहेर पडता तरी येतं, तेही ऑनलाइन आगमन फॉर्म भरून. दुसऱ्या एखाद्या देशात हेच केलंत तर तिथला व्हिसा नाही म्हणून मुंबईच्याच काउंटरवर बोर्डिंग नाकारतील.

नळदुर्गचा_वारा

काय बे, आधीच घाबरवून सोडालाव काकांना. मी बजेट कंपनीने जाऊन आलोय ऑस्ट्रेलियाला. काय झालं नाही. विमान तेच असतंय, आकाश तेच असतंय. गुडघा थोडा समोरच्या सीटला टेकतोय, बास. काका, ५२ वालं घ्या आणि वाचलेल्या पैशाचं नातवाला काहीतरी करा.

टिकीटखिडकी

वारा, तू पंचविशीतला, पाठीला एक सॅक. काका-काकू तीन महिन्यांचं बिऱ्हाड घेऊन निघालेत. बजेटवर माझा राग नाही. ५२ आणि ६४ ही तुलनाच आधी बरोबर करून घ्यावी एवढंच म्हणतो. ५२ मध्ये सात किलोची हातातली बॅग आणि बसायला जागा मिळते. बाकी मोठी बॅग, जेवण, दोघांना शेजारी-शेजारी सीट, सगळं वर. काका, तिकीट काढायच्या पानावर जाऊन हे सगळं चढवून बघा आणि शेवटचा आकडा इथे लिहा. पैसे भरू नका हां, फक्त बघा.

चादरवाला

होटगीकर, तुम्ही तिन्ही पर्याय मुंबईहून लिहिलेत. सोलापूरच्या माणसाला परदेशी जायचं म्हटलं की डोळ्यापुढे आधी मुंबई येते. अहो, मुंबई आपल्याला चारशे किलोमीटर, हैदराबाद तीनशे. तुम्ही जाणार पूर्वेला आणि आधी शंभर किलोमीटर जास्तीचे पश्चिमेला कशाला जाता?

आमच्या घरात हे पिढीजात आहे. आमचे निम्मे पाहुणे तेलंगणात, त्यामुळे तो रस्ता पाठ. नळदुर्ग, उमरगा, जहिराबाद, संगारेड्डी. पटाणचेरूपाशी आउटर रिंग रोडला लागायचं की गाडी शहरात न शिरता थेट शमशाबाद विमानतळावर. हैदराबादचं ट्रॅफिक लागतच नाही. जेवून दुपारी निघालात की संध्याकाळी पोचता. सिंगापूर, क्वालालंपूर, बँकॉक, कोलंबो, सगळीकडे तिथून थेट विमानं आहेत, आणि पूर्वेकडची बरीचशी रात्री उशिरा सुटतात. म्हणजे घाई नाही.

शिवाय विमान हैदराबादहून निघतं म्हणून पहिला टप्पाच आखूड होतो. मुंबई-सिंगापूर साधारण साडेपाच तास, हैदराबाद-सिंगापूर साडेचार.

सिद्धेश्वरएक्सप्रेस

चादरवाले, तुमचं सगळं खरं, पण गाडी भाड्याने केली तर जाताना-येताना दोन फेऱ्या धरा, रिकामी परत येणारी गाडी तुमच्याच माथी. मुंबईला आपली सिद्धेश्वर आहे. रात्री जेवून बसायचं, सकाळी दादरला उतरायचं. ज्येष्ठांना झोपून जाता येतं. वंदे भारत पहाटे ६:०५ ला निघून दुपारी साडेबाराच्या सुमाराला सीएसएमटीला पोचते. मुंबईहून कंपन्यांची संख्याही जास्त, म्हणून भाडं उतरण्याची शक्यता जास्त. हैदराबादला आपल्याकडून ट्रेन आहेत, पण वेळा विमानाशी जुळत नाहीत, आणि स्टेशनवरून शमशाबाद लांब.

चादरवाला

दादरला सकाळी उतरायचं, विमान रात्री. मधला दिवस कुठे काढायचा? नातेवाईक असतील तर त्यांच्याकडे, नसतील तर हॉटेल. ते धरलंत का हिशोबात? वंदे भारतनेसुद्धा दुपार आणि संध्याकाळ उरतेच.

सिद्धेश्वरएक्सप्रेस

आणि तुम्ही परतीचं बोलला नाहीत. हैदराबादला पूर्वेकडची बरीचशी विमानं रात्री उतरतात. बॅगा घेऊन बाहेर पडेपर्यंत मध्यरात्र. मग काय, साठीची माणसं तीनशे किलोमीटर रात्रीचा हायवे करणार? ऊसाच्या ट्रॉल्या आहेत, मागे लाल दिवा नाही.

चादरवाला

हे मात्र मान्य. येताना रात्री निघू नये. विमानतळाजवळ एक रात्र राहायचं, सकाळी चहा घेऊन निघायचं.

दक्षिणकसबा

आता सोलापूरला विमानतळ झालाय म्हणतात तुम्ही लोक. त्यासाठी साखर कारखान्याची चिमणी पाडली २०२३ ला, किती आंदोलनं झाली त्यावरून. मग होटगीकरांनी घरातून चालत जाऊन विमानात बसावं की. स्टार एअरचं मुंबई विमान सुरू झालंय ना ऑक्टोबर २०२५ पासून?

टिकीटखिडकी

झालंय, आणि जूनमध्ये गोव्याचं फ्लाय९१ आधी झालं. पण काका, तेही वेगळंच तिकीट. सोलापूरचं विमान धुक्याने किंवा कशानेही लटकलं की मेलबर्नचं गेलं. त्याने जायचंच असेल तर आदल्या दिवशी मुंबई गाठा. मग स्वस्त काय राहिलं?

मुंबईवरून अजून एक सांगतो, हल्ली फार महत्त्वाचं आहे. नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं उडायला लागलीत. तिकिटावर नुसतं 'मुंबई' वाचून समाधान मानू नका. विमानतळाचा कोड बघा. बीओएम म्हणजे अंधेरीकडचा जुना, एनएमआय म्हणजे उलव्याचा नवा. दोन्हींमध्ये मुंबईच्या ट्रॅफिकचा तुकडा आहे.

अडाणी_प्रवासी

दुबई किंवा दोहामार्गे का नाही? आखाती कंपन्यांची जेवणं, स्क्रीन, सगळं झकास असतं म्हणतात.

मेलबर्नवारी

मी मेलबर्नला राहतो, मूळ अकलूजकडचा. आखात युरोप-अमेरिकेला जाणाऱ्यांसाठी ठीक. ऑस्ट्रेलियासाठी म्हणजे आधी तीन तास उलट दिशेने जायचं आणि मग दुबईहून साडेतेरा-चौदा तास एका दमात बसायचं. कधीकधी भाडं कमी दिसतं म्हणून लोक घेतात. गुडघेदुखीला हे नको.

होटगीकर, गुडघ्यांच्या दृष्टीने प्रवास कुठे तुटतो ते बघा. सिंगापूर-मेलबर्न साडेसात तासांच्या आसपास, क्वालालंपूरहून आठ, बँकॉकहून नऊ, कोलंबोहून साडेदहा. कोलंबोची गंमत अशी की हैदराबादहून कोलंबो दोनच तास, आणि श्रीलंकन एअरलाइन्स पुढे थेट मेलबर्नला येते. एक लहान उडी, एक मोठी उडी. ज्यांना मध्ये उठणं-बसणं नको, एकदा झोपलं की सकाळ व्हावी असं वाटतं त्यांना ते आवडतं. पण काकूंना मध्ये सिंगापूर किंवा क्वालालंपूरला चालून पाय मोकळे करता आले तर जास्त बरं, असं मला वाटतं. दिल्लीहून एअर इंडियाचं थेट विमान आहे, बारा तासांचं. सोलापूरकराने दिल्ली गाठायची हा वेगळाच प्रवास.

मधला थांबा दोन ते चार तासांचा बघा. सव्वा तासाचा थांबा कागदावर चालतो, पण पहिल्यांदा जाणाऱ्याला बोर्ड वाचून गेट शोधण्यात तेवढा वेळ जातो. आणि नऊ तासांचा थांबा असलेलं तिकीट स्वस्त असतं, ते का स्वस्त असतं हे पहाटे तीनला लोखंडी खुर्चीवर बसल्यावर समजतं.

होटगीकर

सगळ्यांचे आभार. काल रात्री मुलाला बसवून टिकीटखिडकींनी सांगितलं तसं केलं. ५२ च्या तिकिटावर जाताना-येताना वीस-वीस किलोची बॅग, दोन्ही बाजूंचं जेवण, आणि दोघांना शेजारच्या सीटा चढवल्या. आकडा ६३ हजार २०० झाला. मुलगा गप्पच बसला. ६४ वाल्यात २५ किलो, जेवण सगळं आतच आहे.

मग चादरवाल्यांचं ऐकून हैदराबाद टाकून बघितलं. क्वालालंपूरमार्गे, एकच पीएनआर, बॅग-जेवणासकट ६१ हजार. सिंगापूरमार्गे हैदराबादहून ६६. गाडीचे दोन्ही वेळचे पैसे धरले तरी मुंबईला रेल्वे, दिवसाचं हॉटेल, टॅक्सी यांच्या बरोबरीने जातंय. त्यात हैदराबादला सौ.ची मावसबहीण निघाली, लिंगमपल्लीला. ही मला लग्नाला इतकी वर्षं होऊन आत्ता कळली.

नळदुर्गचा_वारा

बरं बरं, हरलो. पण एक सांगतो ओ काका, बजेटवाल्यांनाच बॅग आधी ऑनलाइन घेतली तर स्वस्त, काउंटरवर घेतली तर दणका. हे पुढे कधी कामाला येईल. आणि त्यांच्याकडे पाणीसुद्धा विकत असतंय बऱ्याचदा. रिकामी बाटली न्यायची, सुरक्षा तपासणी झाली की आत भरायची.

मेलबर्नवारी

बाटलीचं बरोबर, फक्त सिंगापूरला उपयोग नाही. तिथे बहुतेक टर्मिनलमध्ये सुरक्षा तपासणी गेटपाशीच असते, भरलेली बाटली तिथे ओतावी लागते.

शेंगाचटणी

शाकाहारी जेवणाबद्दल कुणीच बोललं नाही अजून. होटगीकर, हे नीट वाचा. तिकीट काढताना जेवणाच्या यादीत 'हिंदू मील' दिसेल. आपण हिंदू, आपण शाकाहारी, म्हणून लोक तेच निवडतात. त्यात गोमांस आणि डुकराचं मांस नसतं एवढंच. कोंबडी, मटण, मासे असू शकतात. तुम्हाला हवं ते 'एशियन व्हेजिटेरियन', कोड एव्हीएमएल. भारतीय पद्धतीचं, अंडं नसलेलं. कांदा-लसूणही चालत नसेल तर जैन जेवण, व्हीजेएमएल. नुसतं 'व्हेगन' घेतलंत तर उकडलेला पाला येतो, माझा अनुभव.

हे विमान सुटण्याच्या निदान २४ ते ४८ तास आधी नोंदवावं लागतं. आणि दोन्ही टप्प्यांना नोंदलं गेलंय का ते बघा. एका टप्प्याला नोंद झाली आणि दुसऱ्याला राहिली, असं होतं.

दक्षिणकसबा

कडक भाकरी आणि शेंगा चटणी बरोबर ठेवा. विमानातलं जेवण काही खरं नसतं.

मेलबर्नवारी

विमानात खायला ठेवा, हरकत नाही. पण आजोबा, मेलबर्नला उतरताना जे उरेल ते सगळं कार्डवर लिहायचं. ऑस्ट्रेलियाचे जैवसुरक्षेचे नियम फार कडक आहेत. विमानातच एक कार्ड देतात. त्यात खाण्याचा पदार्थ आहे का असं विचारलेलं असतं, तिथे 'हो' वर खूण करायची. 'हो' म्हटलं म्हणून दंड होत नाही. बघतात, चालत असेल तर देतात, नसेल तर काढून घेतात. न सांगता सापडलं तर मात्र जबर दंड, आणि व्हिसासुद्धा रद्द होऊ शकतो.

बाळंतपण म्हणजे काकू डिंकाचे लाडू करणारच. खवा, पेढे, दुधाची कुठलीही मिठाई आणू नका. अळीव हे बी आहे, उगवू शकतं, ते जाण्याची शक्यता मोठी. डिंक, खारीक, मेथी, अळीवसुद्धा इथे भारतीय दुकानांत मिळतं. लाडू इथेच वळा, त्यात मजा आहे.

शेंगाचटणी

आणि सुकं खोबरं! गोट्याची वाटी बॅगेत टाकू नका. त्यात तेल असतं, आपोआप तापून पेटू शकतं म्हणून ते धोकादायक मालात धरतात आणि भारतातल्याच तपासणीत काढतात. लाडवाचं सामान म्हणून हमखास टाकलं जातं.

होटगीकर

सौ.ने हे वाचून दाखवायला सांगितलं, मी वाचून दाखवलं. खोबऱ्यापर्यंत आल्यावर उठून आत गेली.

अडाणी_प्रवासी

एक प्रश्न, तिकीट कंपनीच्या साइटवर काढावं का त्या स्वस्त बुकिंग साइटवर? तिथे दोन-तीन हजार कमी दिसतात. मागे आमच्या मामांचं एका साइटवरून काढलं होतं. विमान कंपनीने वेळ बदलली. साइट म्हणे कंपनीला विचारा, कंपनी म्हणे ज्यांनी तिकीट दिलं त्यांना विचारा. मामा फोनवर गाणं ऐकत बसले.

टिकीटखिडकी

आता मी एजंट, त्यामुळे माझं म्हणणं चिमूटभर मीठ टाकून घ्या. तुलना करायला गुगल फ्लाइट्ससारख्या ठिकाणी बघावं. तारखांचा तक्ता असतो, दोन दिवस मागेपुढे केलं तर भाडं किती हलतं ते दिसतं, आणि भाडं उतरलं की कळव असं सांगूनही ठेवता येतं. पैसे मात्र शक्यतो कंपनीच्याच साइटवर भरा, किंवा अशा एजंटकडे ज्याच्या दुकानात जाऊन तुम्ही टेबलावर हात आपटू शकता. बदल, रद्द, परतावा, हे सगळं ज्याने तिकीट दिलं त्याच्यामार्फत होतं. तो माणूस दिसला पाहिजे.

क्रेडिट कार्डाने भरलेलं बरं. जेट एअरवेज एप्रिल २०१९ ला बंद पडली, गो फर्स्ट मे २०२३ ला. लोकांची तिकिटं हातात राहिली. कार्डाने भरलं असेल तर बँकेकडे दाद मागण्याची एक वाट असते, रोख भरले तर तीही नाही. याच कारणाने, कुणीही न ऐकलेल्या कंपनीचं आठ महिने पुढचं तिकीट फार स्वस्त मिळतंय म्हणून मी तरी कुणाला देत नाही.

हंगामाचंही बघा. मेलबर्नला डिसेंबर-जानेवारी म्हणजे त्यांचा उन्हाळा आणि शाळांच्या सुट्ट्या. आपलेही लोक नाताळाला येतात-जातात. भाडं तेव्हा चढतं. फेब्रुवारी आणि जुलैत विद्यार्थी जातात. काकांना तारीख बाळाने ठरवून दिलीय, त्यामुळे जाण्याची फार हलवता येणार नाही. परतीची हलवता येते. परतीची तारीख बदलायला किती पैसे लागतात ते आत्ताच वाचून ठेवा. बाळंतपणाला गेलेली आजी ठरल्या तारखेला परतली, असं मी माझ्या धंद्यात क्वचित पाहिलंय.

चादरवाला

नाव! नावाचं कुणी सांगितलं नाही.

आपल्या पासपोर्टवर 'गिव्हन नेम'च्या रकान्यात स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव दोन्ही असतं, आडनाव वेगळ्या रकान्यात. तिकिटावर अक्षरशः तसंच पाहिजे. बायका तिकीट काढताना घरातलं बोलायचं नाव टाकतात. आमच्या तेलुगू घरांत तर आणखी गंमत, इंटिपेरू म्हणजे घराण्याचं नाव पुढे, कधी नुसतं एक अक्षर. पासपोर्ट समोर ठेवून एकाने वाचायचं, दुसऱ्याने टाइप करायचं. पैसे भरायच्या आधी परत एकदा.

टिकीटखिडकी

शंभर टक्के. एखाद-दुसरं अक्षर चुकलं तर कंपनी दुरुस्त करून देते, कधी पैसे घेऊन. अख्खं नाव बदलायचं म्हटलं की नवं तिकीट.

काकूंसाठी व्हीलचेअर आत्ताच नोंदवा. लाजू नका. खरी गरज असली की ती सेवा फुकट असते. विमानतळावर एक माणूस खुर्ची घेऊन येतो, काउंटरपासून गेटपर्यंत नेतो, मध्ये बदलायच्या ठिकाणीही दुसरा येतो. इंग्रजी अडतं त्यांना तर याचा दुहेरी फायदा, रस्ता शोधायचाच नाही. फक्त बदलाच्या ठिकाणी विमानातून सगळे उतरेपर्यंत थोडं थांबावं लागतं, म्हणून थांबा अडीच तासांच्या खाली नको.

नळदुर्गचा_वारा

पॉवर बँक हातातल्या बॅगेत ठेवा काका, मोठ्या बॅगेत चालत नाही. सिंगापूर एअरलाइन्सने तर एप्रिल २०२५ पासून विमानात त्याने चार्ज करायलाही बंदी केलीय. मोबाइल घरून भरून न्या. आणि लेकीचा पत्ता, फोन नंबर कागदावर लिहून खिशात. मोबाइल बंद पडला तर कागद असतोय.

मेलबर्नवारी

व्हिसा ऑनलाइन असतो, पासपोर्टवर शिक्का किंवा स्टिकर नसतं. हैदराबादच्या काउंटरवर सिस्टिममध्ये दिसतो, तरी ग्रँट लेटरची, म्हणजे व्हिसा मंजुरीच्या पत्राची, प्रिंट ठेवा. औषधं तीन महिन्यांची, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसकट, हातातल्या बॅगेत. मोठी बॅग उशिरा आली तर बीपीची गोळी तिच्यात अडकायला नको. वजन विभागताना एका बॅगेत ३२ किलोच्या वर जाऊ देऊ नका, तुमचं एकूण वजन बसत असलं तरी तेवढी जड बॅग उचलत नाहीत.

आणि तिकिटावर मेलबर्न म्हणजे एमईएल, टुलामरीन, हे बघा. शहराबाहेर अ‍ॅव्हलॉन नावाचा दुसरा विमानतळ आहे, एव्हीव्ही. देशांतर्गत स्वस्त विमानं जोडताना तिथलं तिकीट निघतं आणि लेक टुलामरीनला उभी राहते.

होटगीकर

काढलं तिकीट. हैदराबाद-क्वालालंपूर-मेलबर्न, एकच पीएनआर, थांबा तीन तास दहा मिनिटांचा, दोघांना एव्हीएमएल, एकीला व्हीलचेअर. ६१ चे दोन दिवसांत ६२ हजार ४०० झाले होते. अजून थांबलो असतो तर उतरले असते का, हे आता कुणी सांगू नका.

सीट मात्र अजून घेतलेली नाही. खिडकी घ्यावी की कडेची? सौ.ला ढग बघायचेत. गुडघे म्हणतात कडेची.

शेंगाचटणी

पहिल्या टप्प्याला रात्र आहे, ढग दिसणार नाहीत. तिथे कडेची घ्या. परतीला दिवसाचा टप्पा असेल तर खिडकी, आणि तुम्ही मध्ये बसा, म्हणजे उठताना फक्त तिसऱ्या माणसाला उठवावं लागेल. दर दीड-दोन तासांनी दोघांनीही उठून मागपर्यंत फेरी मारायची. पायांना सूज, रक्ताच्या गाठी, हे लांबच्या प्रवासात होतं. वय आणि औषधं बघून डॉक्टरांना एकदा विचारून घ्या, पायावर दाब देणारे घट्ट मोजे लागतील का ते.

अडाणी_प्रवासी

माझ्या भावाला टोरांटोला जायचंय पुढच्या वर्षी. हे सगळं तसंच लागू होतं ना? हैदराबादहूनच काढायचं का?

टिकीटखिडकी

नाही हो. एक पीएनआर, नाव, जेवणाचा कोड, एवढं लागू. बाकी सगळं वेगळं. ते पश्चिमेला. मध्ये लंडन किंवा युरोप आलं की विमान बदलण्यासाठीसुद्धा व्हिसा लागतो का ते आधी बघावं लागतं. पाकिस्तानची हवाईहद्द एप्रिल २०२५ ला भारतीय कंपन्यांना बंद झाली, तेव्हापासून त्यांचे पश्चिमेकडचे मार्ग वळसा घेऊन जातात, तास वाढतात. आणि तिथे आखाती कंपन्यांचा विचार खरोखर करण्यासारखा आहे. वेगळा धागा काढा, त्यात भावाची तारीख आणि कॅनडाचा व्हिसा कुठला ते लिहा. इथे मिसळलं की नंतर वाचणारा टोरांटोला निघून मेलबर्नला उतरेल.